मोजणी बंद करू नका, फॉर्म बदला

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहात, चाळीसेक इंजिनिअरांचा तुमचा ग्रुप आहे, कुठं रजिस्टर नाही, रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन पोरापोरींना हातानं काहीतरी बनवायला शिकवता. इंजिनिअरिंग म्हणजे ठराविक घरांतल्या मुलग्यांचं काम असं त्या पोरांना वाटू नये, म्हणून शिकवणारे पण सगळ्या थरांतले हवेत, म्हणून तुम्ही "महिला, दिव्यांग आणि घरातले पहिले इंजिनिअर यांना प्राधान्य" असं लिहून व्हॉलंटियरसाठी गुगल फॉर्म फिरवला. त्यात जात-पोटजात, धर्म, लग्न झालंय का, अपंगत्व किती टक्के, सगळ्यापुढं लाल स्टार, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म जाईना. मग कुणाच्या तरी चुकीनं उत्तरांची शीट सगळ्यांना ओपन झाली आणि स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर गेला. फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाची घासाई-साफसफाई करतात तिथं, काम करणाऱ्या एका पोरानं "ऐकायला कमी येतं" असं लिहिलेलं, हे त्यानं कंपनीत कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुपरवायझरनं सगळ्यांसमोर त्याला विचारलं. आता एक सभासद म्हणतोय तुम्ही भेदभाव करताय, हायकोर्टाचं सर्किट बेंच आता इथंच आहे, घटनेतल्या हक्कांसाठी तिथं अर्ज, म्हणजे रिट टाकतो. बाकीचे म्हणतायत कोण कुठल्या थरातलं हे मोजणंबिजणं बंदच करा.

रिटचं आधी उरकतो कारण त्यात फार दम नाही. सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसतंय हे खरं, पण घटनेतलं कलम 15(1) सरकारवर बंधन घालतं, तुमच्यासारख्या खाजगी ग्रुपवर नाही. उलट माणसांनी एकत्र येऊन संघटना करायची आणि त्यात कुणाला घ्यायचं ते ठरवायचं हे कलम 19(1)(c) मध्ये येतं, आणि 2005 साली झोरोॲस्ट्रियन हाउसिंग सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सभासद फक्त पारशी असावेत हा सोसायटीचा नियम, म्हणजे उपविधीसुद्धा चालवून घेतला होता. तुम्ही तर कुणाला बंदी पण केलेली नाही, प्राधान्य म्हटलंय. एकच लक्षात ठेवा, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणि 2019 चा तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा हे खाजगी संस्थांना पण लागू होतात, त्यामुळं दिव्यांग म्हणून किंवा तृतीयपंथी म्हणून कुणाला नाही म्हणालात तर मात्र अडकाल.

आता फॉर्म. चूक इथं झालीय आणि ती मान्य करायला हवी. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा फक्त कंपन्यांसाठी आहे असं लोकांना वाटतं, पण त्यात "व्यक्ती" या शब्दात माणसांचा समूह पण येतो, रजिस्टर असो वा नसो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतात, पण म्हणून तोवर मोकळं रान आहे असं समजू नका, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टानं 2017 मध्येच सांगितलंय. या कायद्यात संमती मोकळेपणानं आणि बिनशर्त दिलेली लागते. लाल स्टार लावून घेतलेली जात ही संमती नव्हेच. आणि डेटा सांभाळला नाही तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी आहे, तुमच्यासारख्या ग्रुपला एवढा लागेल असं अजिबात नाही, पण कायदा याकडं किती गंभीरपणे बघतो ते कळावं म्हणून सांगितलं.

पण म्हणून मोजणं बंद करा असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, आणि कोल्हापुरात बसून तर मुळीच नाही. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागास वर्गांना द्यायचा हुकूम काढला ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे, पण त्याच हुकुमात पुढं असं पण होतं की प्रत्येक खातेप्रमुखानं नवीन नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. महाराजांना माहीत होतं की मोजलं नाही तर हुकूम कागदावरच राहतो. फक्त तो तक्ता वर पाठवायचा होता, चावडीवर लावा असं हुकुमात नव्हतं. तुमच्याकडं नेमकं उलटं झालं.

म्हणून माझं सांगणं असं की दोन फॉर्म करा आणि त्यांची गाठ कधी पडू देऊ नका. पहिला भरतीचा, त्यात नाव, मोबाईल, कुठला रविवार मोकळा आहे, काय शिकवू शकता, आणि एक ओळ, "तुम्हाला सोबत काम करता यावं म्हणून आम्ही काय सोय करावी?" टक्केवारी विचारायची नाही, चाळीस टक्क्यांची अट सरकारी लाभांसाठी असते. रॅम्प हवा, लिहून दाखवलेलं हवं, एवढंच तुम्हाला कळायला पाहिजे. दुसरा फॉर्म मोजणीचा, निवड झाल्यावर, नाव नाही, मोबाईल नाही, गुगलमधलं ईमेल गोळा करायचं सेटिंग बंद, प्रत्येक प्रश्नाला "सांगायचं नाही" हा पर्याय, आणि वरती दोन ओळी की हे कशासाठी विचारतोय, कोण बघणार, कधी पुसणार. कायद्यात कलम 17 खाली आकडेवारीसाठी सूट पण आहे, पण तिची अट हीच की त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, वर नियमांतले निकष पाळायचे. एकाच फॉर्ममध्ये निवड आणि मोजणी केली की ती सूट गेली.

तरी चाळीस माणसांत नाव नसलं म्हणून माणूस लपत नाही हो. ग्रुपमध्ये मुस्लिम बाई एकच आणि ती वेल्डिंगमधली असेल तर "मुस्लिम, महिला, वेल्डिंग" ही ओळच तिचं नाव झालं. म्हणून प्रश्न एकमेकांत गुंतवून तक्ते करू नका, आणि पाचाच्या आतला आकडा असेल तर तो वेगळा दाखवू नका. जातीचा दाखला, जात पडताळणीची व्हॅलिडिटी, आधार यातलं काहीही मागू नका, तुम्ही कुणाला आरक्षण देत नाही.

मग प्राधान्य कसं द्यायचं असं तुम्ही विचाराल. ते आवाहन कुठं लावता यात आहे. तुम्ही ते फक्त इंजिनिअरांच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंत तर तेच तेच लोक येणार. कळंब्याच्या आयटीआयत जा, शासकीय तंत्रनिकेतनात जा, उद्यमनगरात ज्या बायका सीएनसी मशीनवर काम करतात त्यांना जेवणाच्या सुट्टीत गाठा, मिटिंग दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या ठिकाणी ठेवू नका. फक्त एक, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची पोरं सोळा-सतराची असतात, अठराच्या आतल्या कुणाचीही माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे, तेव्हा त्यांचा फॉर्म आईवडिलांच्या सहीशिवाय घेऊ नका आणि मोजणीतून त्यांना सरळ वगळा.

तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो, 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात "कर्मचारी" या व्याख्येत बिनपगारी, स्वेच्छेनं काम करणारे पण येतात. तुम्ही दहाच्या वर आहात, तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती करून ठेवा, अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. मुली येणार म्हणताय तर हे आवाहनाच्या आधी व्हायला पाहिजे.

आज काय करायचं ते सांगतो. शीटची लिंक बंद करा, कुणाकुणानं उघडली होती ते लिहून ठेवा, ग्रुपमध्ये स्क्रीनशॉट डिलीट करायला सांगा, आणि ज्यांची माहिती उघडी पडली त्या प्रत्येकाला वेगळा मेसेज करून काय झालं ते स्पष्ट सांगा आणि माफी मागा. स्क्रीनशॉटखाली कुणी जातीवरून घाण लिहिलं असेल तर ते डिलीट करायच्या आधी जपून ठेवा, तो 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याचा विषय होऊ शकतो.

फेटलिंगच्या पोराला मात्र मेसेज नको, तुम्ही स्वतः जाऊन भेटा. त्याला सांगा की कारखान्यातल्या आवाजानं ऐकू कमी येणं हा कायद्यात व्यवसायामुळं होणारा आजार धरलाय, ईएसआय म्हणजे कामगार विम्यात त्याची भरपाई मिळू शकते, त्यामुळं त्यानं लाजून गप्प बसू नये आणि कंपनीनं पुढं केलेल्या कुठल्याही कागदावर न वाचता सही करू नये. सीपीआर या सरकारी दवाखान्यात कानाच्या ओपीडीत तपासून घ्यायला सांगा, आणि रिपोर्ट घेऊन कसबा बावड्याला कोर्टात मला भेटू दे, दुपारी दोनच्या सुट्टीत मी बार रूममध्ये असतो, त्याच्याकडून फी घेणार नाही.