रंगावर जाऊ नकोस, पोरी

समुद्रातले शिंपले ओळखायला शिकायचंय ना? मग समुद्र पाहिला नाही म्हणून अडून बसू नकोस. हात वैनगंगेवरच बसव. नदीतला शिंपला उघड आणि कवच मिटणारे दोन स्नायू, एक पुढे, एक मागे, बोटानं चाचपून बघ.

हीच सवय केरळच्या खाड्यांत कामी येते. अमेरिकेकडून आलेला मायटेला स्ट्रिगाटा हा शिंपला कधी काळा, कधी हिरवा असतो. हिरवा दिसला की आपल्याकडचा हिरवा शिंपला, पेर्नाच वाटतो. मीही तसाच फसलो होतो. पण मोठ्या पेर्नात पुढचा स्नायू नसतोच, मायटेलात बारीकसा असतो. चोचीशी, म्हणजे कवचाच्या टोकाशी, भिंग लावून बघ. तिथं आतून पांढरं फळकुट दिसलं, तर तो मायटिलॉप्सिस, तिसराच शिंपला. विशाखापट्टणमला १९६७ मध्ये सापडलेला.

डोळ्यांनी बघून झालं की मग जनुकांनी खात्री कर. नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकशील तर डीएनए खराब होईल. ९५ टक्के अल्कोहोलच वापर. जात ओळखायला सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५८ डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचतात. हे जनुक मायटोकॉन्ड्रियात, पेशीला ऊर्जा देणाऱ्या कणात, असतं. त्यासाठी मांस पायाचं घे. शिंपल्यांच्या कित्येक जातींतल्या नरांच्या बीजग्रंथीत बापाकडून आलेला वेगळा मायटोकॉन्ड्रिया असतो, आणि एकाच जातीच्या दोन जाती झाल्यासारखं वाटतं.

कवचं मात्र फेकू नकोस बाप्पा. चिठ्ठीवर जागा, तारीख पेन्सिलीनंच लिही. शाई अल्कोहोलात विरघळते.