गेट करकरतं, बंगई कुरकुरते आणि खालून गंज चढतोय. पावसाळ्याआधी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नागपुरातल्या मानेवाड्याच्या घराचं लोखंडी गेट 12 वर्षांचं आहे, उघडताना गल्लीभर आवाज जातो, अंगणातल्या बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्या कुरकुरतात आणि गेटच्या खालच्या पाइपावरचा रंग पापुद्रे धरून सुटतोय. खोबरेल तेल घातलं की आठ दिवस शांतता, मग पुन्हा तेच.

भाऊ, ते खोबरेल डोक्यालाच राहू द्या. 24 अंशांच्या आसपास ते गोठतं. डिसेंबरात आपल्याकडे बाटलीत पांढरं होतं, तेच गेटच्या कब्जात, म्हणजे बिजागरीतही होणार. मे महिन्यात उलट पाण्यासारखं ओघळून जातं. जवस-करडईचं तर घालूच नका, ते हवेत सुकून डिंकासारखं चिकटतं.

वडिलांचं फॅब्रिकेशनचं छोटं दुकान होतं, त्यामुळे माझं लहानपण रेड ऑक्साइड ढवळण्यात गेलं. तिथे शिकलेली पहिली गोष्ट: घाणीवर तेल घालायचं नाही. कब्जातून जो काळा चिखल बाहेर येतो ना, तो म्हणजे धूळ, जुनं तेल आणि लोखंडाचाच झिजलेला किस. वरून तेल घातलं की त्याची पातळ पॉलिश पेस्ट होते आणि प्रत्येक वेळी गेट उघडताना कब्जाच्या आतली खीळ थोडी थोडी घासली जाते.

म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत दोघं मिळून गेट उचला. एकाने सब्बल (पहार) लावायची, खाली विटा सरकवायच्या, दुसऱ्याने गेट धरून ठेवायचं. एकट्याने करू नका, गेट पायावर आलं तर काम वेगळंच होतं. खीळ बाहेर आली की डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसा, कब्जाच्या आत जुना टूथब्रश फिरवा, काळं यायचं थांबेपर्यंत. मग कोरडं पुसून लिथियम ग्रीस लावा. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात एपी थ्री मागितलं तरी चालेल. बोटाने पातळ थर पुरे, बाहेर आलेलं पुसून टाका, नाहीतर तेच धूळ गोळा करतं.

दुकानदार बहुतेक डब्ल्यूडी-40 चा स्प्रे हातात ठेवेल. वाईट नाही तो. 1953 साली अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून पाणी हटवणारं द्रव शोधत होते, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, म्हणून हे नाव. जाम नट सोडवायला, आत गेलेलं पाणी बाहेर काढायला उत्तम. पण पातळ आहे, बराचसा उडून जातो. रोजच्या वजनाखाली फिरणाऱ्या कब्जाला त्यानंतर ग्रीस लागतंच.

बंगईचं वेगळं. कडी सोडवून, जिथे हुकावर घासते तिथली जाडी नीट बघा. वजन उचलायच्या साखळ्यांत एक दशांश झीज झाली की कडी बाद करतात. बंगईवर पोरं दोन-दोन, तीन-तीन बसतात, तेव्हा तोच नियम लावा. झिजलेल्या कडीला ग्रीस लावणं म्हणजे फक्त आवाज बंद करणं, आणि तो आवाजच तुम्हाला सांगत होता.

आता गंज. वडिलांनी आमच्या घरचं गेट चार वर्षं ओळीने रंगवलं, तरी खालचा पाइप फुगतच राहिला. शेवटी त्यांनी पेचकस (स्क्रूड्रायव्हर) टोचला तर तो सरळ आत गेला आणि भोकातून चहाच्या रंगाचं पाणी गळायला लागलं. पावसाचं पाणी वरच्या उघड्या तोंडातून पोकळ पाइपात उतरायचं, खाली साठायचं, आणि पाइप आतून गंजायचा. आम्ही बाहेरून रंग देत बसलो होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणूनच रंग वर उचलला जातो. तुम्हीही आधी टोचून बघा. घट्ट असेल तर पाइपाच्या तळाशी 6 मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि वरची तोंडं टोपीने बंद करा. भसकला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागेल. रंगाच्या डब्याने तो वाचत नाही.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढा, पण कोरडा घासू नका. घरगुती रंगांत विषारी शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) आणणारा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, तुमच्या गेटवरचा पहिला रंग त्याआधीचा असणार. पाणी लावून घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. खड्ड्यांत उरलेल्या तांबड्यावर रस्ट कन्व्हर्टर मारा. त्यातलं फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन गंजाचा काळपट, घट्ट थर करतं. आवळा लोखंडी विळ्याने चिरला की काळा पडतो, ती त्याच टॅनिनची करामत. पण हे कन्व्हर्टर कूलरच्या जस्ताच्या पत्र्यावर वापरू नका, आम्ल जस्तच खाऊन टाकतं. तिथे साबण, ब्रश आणि कोरडं पुसणं पुरे.

रेड ऑक्साइड एकच हात देऊन महिनाभर थांबणारे लोक मी बघितलेत. तो नुसता प्रायमर आहे, पाऊस झेलायला बनलेला नाही. त्यावर इनॅमलचे दोन पातळ हात हवेत, आणि तेही मृगाचे ढग यायच्या आत. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी मात्र ब्रशला हात लावू नका. तापलेल्या लोखंडावर रंग वरून झटकन सुकतो, आत ओला राहतो आणि फोड येतात. पहाटे सुरू करा, नऊपर्यंत उरका.

कुलपात तेल नको, तिथे पेन्सिलीचं शिसं (ते ग्रॅफाइट असतं, रंगातलं शिसं नव्हे) ब्लेडने खरवडून किल्लीवर लावा आणि चार वेळा आतबाहेर करा. सामान एका फेरीत हवं असेल तर इतवारीच्या लोहाओळीत जा, टोपी, खीळ, कडी सगळं तिथे मापाने मिळतं. जाताना जुनी कडी खिशात ठेवा.