भारसंतुलन, कावड आणि खांदेपालट

रत्नागिरीतील संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. माशांच्या छायाचित्रांचा आशयाधारित शोध (म्हणजे नावावरून नव्हे, तर चित्रात जे दिसते त्यावरून घेतलेला शोध) अनेक संगणकांवर वाटून देण्याचा तिचा प्रकल्प आहे. त्याच्या अहवालात ‘लोड बॅलन्सिंग’साठी ‘भारनियमन’ हा शब्द चालेल का, आणि चालू काम एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवण्याला काय म्हणावे, असे ती विचारते.

‘भारनियमन’ मुळीच चालणार नाही. हा घोटाळा मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो सहन होत नाही. विजेची मागणी पुरवठ्याबाहेर गेली की काही भागांचा पुरवठा ठरावीक वेळ बंद करतात, त्याला महाराष्ट्रात भारनियमन म्हणतात. तेथे भार कमी केला जातो. संगणकांच्या बाबतीत मात्र सगळेच काम पुरे करायचे असते, प्रश्न एवढाच असतो की कोणी किती उचलायचे. म्हणून शब्द ‘भारसंतुलन’ हाच.

‘भार’ म्हणजे ओझे आणि ‘संतुलन’मधली ‘तुला’ म्हणजे तराजू. अडचण अशी आहे की ‘तुला’ म्हटली की तराजू डोळ्यांपुढे येतो आणि संतुलन म्हणजे समसमान वाटणी असा समज होतो. त्यापेक्षा कावड डोळ्यांपुढे आणावी. दापोली तालुक्यातील आमच्या गावी बावीवरचे पाणी घाटी चढून आणणारे एक काका होते. एक डबा भरलेला आणि दुसरा अर्धा असला, तर ते पाणी ओतून सारखे करीत नसत. बांबू खांद्यावर असा सरकवत की भरलेला डबा खांद्यापासून एक हातावर आणि अर्धा दोन हातांवर येई. भार असमान राही, पण तोल जात नसे.

प्रतिमाशोधात हेच घडते. प्रत्येक छायाचित्रातील रंग, पोत आणि आकार यांचे आकड्यांत रूपांतर करून ठेवतात, आणि शोधासाठी दिलेल्या चित्राच्या आकड्यांपासून कोणाचे अंतर सर्वांत कमी आहे ते मोजतात. १,००० छायाचित्रे चार संगणकांना २५० प्रमाणे वाटली, तर वाटणी न्याय्य दिसते; पण त्यांतला एक जुना आणि मंद असेल, किंवा त्याच्याच वाट्याला मोठमोठी चित्रे आली असतील, तर बाकीचे तिघे काम संपवून बसून राहतात आणि उत्तर त्या चौथ्यासाठी अडते. म्हणून वेगाच्या प्रमाणात वाटावे, किंवा त्याहून बरे म्हणजे लहान लहान वाटे करून जो मोकळा होईल त्याला पुढचा द्यावा.

आता ‘कावड’ या शब्दाविषयी, कारण मला खरा आनंद त्याचा आहे. तमिळमध्ये ‘का’ म्हणजे दोन्ही टोकांना ओझे लावून खांद्यावर घ्यायची काठी, ‘कावु’ म्हणजे तसे वाहून नेणे, आणि मुरुगनाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, भक्तांनी खांद्यावर वाहायची ती ‘कावडी’. प्राकृतातही ‘कावड’ आहे. तरीही काही जण हा शब्द हट्टाने ‘स्कंध’पासून काढतात, आणि त्यांच्याशी माझा स्पष्ट मतभेद आहे. ‘स्कंध’चे प्राकृतात ‘खंध’ झाले आणि मराठीत ‘खांदा’. आरंभीचा ‘ख’ टिकला आणि शेवटच्या ‘ध’चा फक्त ‘द’ झाला. त्याच शब्दातून ‘ख’ जाऊन ‘क’ आणि ‘ध’ जाऊन ‘वड’ कसे आले, हे त्यांनी एकदा ध्वनिनियमांनी दाखवावे. कावड खांद्यावर असते म्हणून ती खांद्यापासून निघाली, ही व्युत्पत्ती नव्हे. माझ्या मते हा शब्द द्राविडी आहे आणि ओझे वाहणाऱ्या माणसांबरोबरच तो उत्तरेकडे पसरला. पंडितांच्या पोथ्यांत त्याचे मूळ शोधणेच चूक आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘खांदा’ या शब्दातच आहे. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तेव्हा दमलेला भोई बाजूला होतो आणि पालखी भुईला न टेकवता दुसरा आपला खांदा पुढे करतो, हा खांदेपालट. वर्तमानपत्रांत तो मंत्रिमंडळापुरता उरला आहे. कामाखाली दबलेल्या संगणकाचे काम, शोध न थांबवता, मोकळ्या संगणकाने उचलावे यासाठी अहवालात हाच शब्द लिहावा.