गाडी मिसिंग मारते : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : नऊ वर्षं वापरलेली, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी नुकतीच विकत घेतली. उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, चढावर झटके बसतात आणि त्याच वेळी चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरने पी ०३०३ हा कोड दाखवला. गॅरेजमध्ये चारही कॉइल आणि चारही इंजेक्टर बदलायला सांगत आहेत. बदलावेत का?

उत्तर : इतक्यात काहीच बदलू नका. पी ०३०३ याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं, एवढाच. ते ठिणगीमुळे (प्लग आणि त्याला वीज देणारी कॉइल) आहे, इंधनामुळे (पेट्रोल फवारणारा इंजेक्टर) की कॉम्प्रेशनमुळे (सिलिंडरमधला दाब), हे कोड सांगत नाही. एका सिलिंडरच्या तक्रारीसाठी आठ भाग बदलणं म्हणजे निदान न करता औषध देणं.

लुकलुकणारा दिवा मात्र हलक्यात घेऊ नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. दिवा लुकलुकू लागला की एक्सिलरेटर सोडा, हळू चालवा आणि दुरुस्ती होईपर्यंत चढ आणि वेग टाळा.

आधी तिसरा सिलिंडर नेमका कोणता, ते पक्कं करा. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत पहिला सिलिंडर टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूला असतो. काही फ्रेंच गाड्यांत मोजणी गिअरबॉक्सकडून होते. हे न पाहिल्यामुळे चांगली कॉइल फेकली जाते.

आता जागांची अदलाबदल. इंजिन थंड आणि इग्निशन बंद असताना तिसरी कॉइल पहिल्यावर आणि पहिली तिसऱ्यावर लावा. कोड पुसा, गाडी थोडी चालवा. पी ०३०१ (पहिल्या सिलिंडरचा कोड) आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. ती एकच कॉइल बदला. पी ०३०३ कायम राहिला, तर प्लगची अशीच अदलाबदल करा. एका वेळी एकच वस्तू हलवा. दोन्ही एकदम हलवल्या तर दोष कशाबरोबर गेला, ते कळणार नाही.

कॉइल काढताना प्लगच्या विहिरीत डोकावून पाहा. आत ऑइल साचलं असेल, तर टॅपेट कव्हरची (इंजिनाच्या वरच्या झाकणाची) गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांचे सील गळताहेत. ऑइलने कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाजूने हेडमध्ये (सिलिंडरवरच्या धातूच्या भागात) उतरते. रबरावर किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर दोन्ही बाद. गळती न थांबवता बसवलेली नवी कॉइलही काही महिन्यांत त्याच वाटेने जाते.

प्लग सोडवण्याआधी विहिरीतली माती हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. मग चारही प्लग क्रमाने मांडून बघा. फिकट तपकिरी किंवा करडं टोक निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे जादा पेट्रोल किंवा कमजोर ठिणगी. ओलं, तेलकट टोक म्हणजे ऑइल वर चढतंय. नवा प्लग आधी पान्याचा सांधा हाताने फिरवून बसवा. वॉशर असलेला १४ मिमी आट्यांचा प्लग वॉशर टेकल्यावर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळतात. टॉर्क पाना असेल तर गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाळा. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की काम वाढतं.

कॉइल आणि प्लग दोन्ही निर्दोष निघाले, तर इंजेक्टर. चालू इंजिनावर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावा. चौघांची टिकटिक सारखी यायला हवी. एखादा गप्प असेल, तर कनेक्टर काढून मल्टिमीटरने रोध मोजा. साध्या पोर्ट इंजेक्टरमध्ये तो बहुधा ११ ते १६ ओहम असतो. रोध ठीक आणि तरी आवाज नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा कनेक्टरमध्ये शोधा. टिकटिक येते पण मिसिंग जात नाही, तेव्हा इंजेक्टरचं तोंड चोंदलेलं असू शकतं; तो बाहेर काढून बाकीच्यांबरोबर फवारा तपासून घ्या.

एवढं करूनही तिसराच सिलिंडर रुसलेला असेल, तर कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सुटे, एक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरसाठी पाच-सहा दणके होईपर्यंत स्टार्टर मारा. पेट्रोल इंजिनात बहुधा १० ते १४ बार येतात, पण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक बोलका असतो. एक सिलिंडर १५ टक्क्यांहून जास्त मागे असेल, तर त्यात चमचाभर, म्हणजे ५ मिलि इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं सील). शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील, तर संशय आधी गॅस्केटवर.

दुरुस्तीनंतर इंजिन ऑइल हुंगा. पेट्रोलचा वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदला. मिसिंगच्या काळात न जळलेलं पेट्रोल खाली उतरून ऑइल पातळ करतं.

प्रश्न : माझ्या गाडीत पी ०३०० आणि पी ०१७१ एकत्र येतात. प्लग, कॉइल नवे आहेत. रेस वाढवली की इंजिन गुळगुळीत चालतं.

उत्तर : पी ०३०० म्हणजे एकाच सिलिंडरला बांधलेलं नसलेलं मिसिंग आणि पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, बघा. आयडलिंगला ट्रिम अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य, असं असेल तर थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला कुठेतरी चोरून हवा शिरते आहे. रेस वाढली की एकूण हवेच्या मानाने ती गळती नगण्य ठरते, म्हणून इंजिन सुधारल्यासारखं वाटतं. पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत खेचणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी, इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट या क्रमाने तपासा. जुन्या गाडीत रबर वाकतं तिथे, खालच्या अंगाला फाटतं. वरून दिसत नाही. धुराची चाचणी, म्हणजे नळ्यांत धूर सोडून तो कुठून निघतो ते बघणं, सगळ्यात खात्रीची. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत सर्रास चालते, पण ती आगीला आमंत्रण देते.

उलट, जोर लावल्यावर ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमी पडतोय. प्रेशर गेज लावा. आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा. मिसिंगमुळे न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं. म्हणजे पी ०१७१ हा कधी कधी मिसिंगचा परिणाम असतो, कारण नव्हे.

प्रश्न : सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर मिनिटभर मिसिंग, मग सगळं ठीक. कूलंट मात्र महिन्याला थोडं कमी होतं, बाहेर थेंब दिसत नाही.

उत्तर : ही दोन लक्षणं जोडीने आली की हेड गॅस्केट डोळ्यासमोर येते. रात्रभर कूलंट झिरपून एका सिलिंडरमध्ये साचतं, सकाळी तो प्लग भिजलेला असतो आणि पाणी उडून गेलं की सिलिंडर चालू होतो. त्या सिलिंडरचा प्लग आणि पिस्टनचा माथा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. रेडिएटरच्या तोंडावर लावायचं निळं रसायन ज्वलनाचे वायू असतील तर पिवळं पडतं. ती चाचणी करून घ्या. टोपी फक्त थंड इंजिनावर उघडा. स्टार्टर एकाएकी अडला, तर पुन्हा मारू नका: सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. बाटलीतलं गळती-बंद औषध ओतू नका, ते हीटरच्या बारीक नळ्याही बंद करतं.

प्रश्न : पेट्रोलवर गाडी छान, गॅसवर मिसिंग.

उत्तर : गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो. प्लगची फट मोजा. पुस्तिका परवानगी देत असेल तर ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. मग किटचा गॅस फिल्टर, रेग्युलेटरचा दाब आणि गॅस इंजेक्टर. हळूहळू पेट्रोलवरही मिसिंग सुरू झालं, तर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट तपासा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेला की फट संपते आणि गरम झाल्यावर तो पूर्ण मिटत नाही.

प्रश्न : इरिडियम प्लग पॉलिश पेपरने घासून चालतील का?

उत्तर : नाही. टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं. घासलं की गेलं. बदला.

प्रश्न : जुनी गाडी घेताना विक्रेत्याने मिसिंग लपवलं आहे का, हे कसं ओळखावं?

उत्तर : आधीच सांगून ठेवा की इंजिन थंडच हवं, आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. स्वतःचा स्कॅनर न्या. कोड नाही यावर समाधान मानू नका. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दाखवणारं पान, उघडा. कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सरचे मॉनिटर अपूर्ण असतील, तर कोड नुकतेच पुसले गेलेत किंवा बॅटरी काढली गेली आहे. अनेक गाड्या कोड पुसल्यापासूनचे किलोमीटरही दाखवतात. इग्निशन चालू करताना चेक इंजिनचा दिवा पेटून नंतर विझायला हवा. पेटतच नसेल तर त्याची वायर किंवा बल्ब काढलेला असू शकतो. मग इंजिन गरम होईपर्यंत जागेवरच चालू ठेवा, एसी लावा, आणि वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून पूर्ण एक्सिलरेटर दाबा. कमजोर कॉइल याच ठिकाणी झटका देते.