वाचकांचे प्रश्न : पहिला टॅग मादीचा घ्या

प्रश्न : काका, मी मूळचा कागलचा. दीड वर्षापासून कोलोरॅडोत, डेन्व्हरशेजारच्या ऑरोरात नोकरीला आहे. एच-वन-बी व्हिसा आहे. ऑफिसातले काहीजण ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जातात आणि वर्षभर तेच मटण खातात. मलाही जायचंय. पण कुणी म्हणतं टॅगसाठी, म्हणजे एक प्राणी मारायच्या परवान्यासाठी, वीस वर्षं थांबावं लागतं, कुणी म्हणतं दुकानात जाऊन विकत घे. खरं काय? आमच्या व्हिसावर हे चालतं का? घरी आईला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : दोघंही खरं सांगतायत, फक्त वेगवेगळ्या टॅगबद्दल. पण आधी व्हिसाचं बघू, कारण तिथे पाय घसरला तर टॅग राहिला बाजूला, नोकरीवर बेतेल.

तुमच्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे. मित्राची रायफल घटकाभर हातात घेतली तरी प्रश्न येऊ शकतो. याला एक मोठा अपवाद आहे : कुठल्याही राज्याचं चालू शिकार लायसन्स तुमच्या नावावर असेल तर ही बंदी लागत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, आणि त्यानंतरच रायफलला हात. १ जानेवारी १९४९ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत हा कोर्स लागतो. त्यात प्रत्यक्ष बंदूक हाताळायची असेल तर नाव नोंदवतानाच व्हिसाचं सांगा आणि कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या. धनुष्यबाण या कायद्यात बंदूक धरला जात नाही. आर्चरीकडे वळणाऱ्याची ही अडचण सुटते, मात्र कोर्स आणि लायसन्स त्यालाही चुकत नाही.

आता टॅग. निवृत्त होऊन राजारामपुरीत यायच्या आधी मी बरीच वर्षं कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सला काढली. तिथे नवखा माणूस कुठे अडतो ते जवळून पाहिलंय. तो शिंगांच्या मागे लागतो. राज्याच्या वायव्य कोपऱ्यात युनिट २०१ सारखे काही भाग आहेत. तिथे मोठ्या शिंगांचे नर फिरतात आणि तिथला टॅग मिळवायला लोक वीस-वीस वर्षं प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे सोडतीत प्राधान्य देणारे गुण, साठवतात. नवखा माणूस पहिल्याच वर्षी तिथे अर्ज करतो. टॅग लागत नाही, एक पॉइंट जमा होतो आणि अख्खा हंगाम घरात बसून जातो.

तुम्ही असं करू नका. पहिला टॅग मादीचा घ्या.

एल्कची संख्या मादीवर ठरते, म्हणून कळप आटोक्यात ठेवायला राज्याचं वन्यजीव खातं मादीचे टॅग भरपूर काढतं. बऱ्याच युनिटमध्ये ते शून्य पॉइंटवर मिळतात. मटणही नरापेक्षा कोवळं.

अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरायचा, त्याआधी स्मॉल गेमसारखं (छोट्या प्राण्यांच्या शिकारीचं) एखादं पात्रता लायसन्स काढायचं, त्याशिवाय अर्ज करता येत नाही. मग सोडत निघते, आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते तशी, फक्त इथे आधी नंबर न लागलेल्याला पुढे प्राधान्य असतं. अर्जात चार पसंती देता येतात, आणि मुख्य मेख पहिल्या पसंतीत आहे. सध्याच्या नियमात पॉइंट फक्त पहिल्या पसंतीलाच खर्च होतात. तेव्हा पहिल्या पसंतीत ‘फक्त पॉइंट हवा’ हा कोड टाका आणि दुसऱ्या पसंतीत मादीचा टॅग मागा. दुसरी पसंती लागली तर त्याच वर्षी शिकार होते आणि पॉइंटही खात्यात पडतो. नियमावली मात्र चालू वर्षाचीच वाचा. मित्राच्या गाडीत पडलेली जुनी प्रत वापरू नका, नियम बदलत असतात.

हंट कोड, म्हणजे अर्जात लिहायचा प्रत्येक टॅगचा कोड, वाचायला शिका, निम्मं काम तिथे होतं. पहिलं अक्षर प्राण्याचं : ई म्हणजे एल्क, डी म्हणजे डिअर, ए म्हणजे प्राँगहॉर्न. दुसरं लिंगाचं : एफ मादी, एम नर, ई म्हणजे दोन्हींपैकी कुठलंही. मग तीन आकडे युनिटचे, त्यापुढे हंगाम, शेवटी हत्यार : आर रायफल, ए धनुष्यबाण, एम मझललोडर, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची बंदूक. हंगामाच्या जागी ‘ओ’ आणि आकडा दिसला तर तो नेहमीचा हंगाम. ‘पी’ दिसला तर थांबा. तो टॅग फक्त खासगी जमिनीवर चालतो. ऑगस्टमध्ये उरलेल्या टॅगची यादी विक्रीला येते, तिच्यात हे ‘पी’वाले भरपूर असतात. स्वस्तात लगेच टॅग मिळाला म्हणून माणूस हरखतो, आणि ऑक्टोबरात त्याला कुठला रँचवाला आत घेत नाही. कोलोरॅडोत कुंपण किंवा पाटी नसली तरी खासगी जमिनीवर शिकारीसाठी आधी परवानगी लागते. टॅग घ्यायच्या आधी नकाशा उघडा आणि त्या युनिटमध्ये नॅशनल फॉरेस्टची, म्हणजे सरकारी, जमीन किती आहे ते पाहा.

एप्रिल चुकला तर जूनमध्ये दुसरी सोडत असते, तिथे पॉइंट लागतही नाहीत आणि जातही नाहीत. त्यानंतर ती ऑगस्टची यादी. तेही हुकलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामाचा नर एल्कचा टॅग बऱ्याच युनिटसाठी थेट विकत मिळतो. ‘दुकानात जाऊन घे’ म्हणणारे याबद्दलच बोलत होते. तिथे गर्दी फार आणि यश कमी, नवख्याला मी तो शेवटचा पर्याय म्हणूनच सांगेन. सलग सहा महिने कोलोरॅडोत घर करून राहिलात की रहिवासी दर लागतो. एल्कच्या टॅगला साठ-सत्तर डॉलर, बाहेरच्या माणसाला तोच आठशेच्या आसपास. हा फरक आहे तोवर शेजारच्या राज्यांच्या नादी लागू नका.

आईला काय सांगायचं? आपल्याकडे १९७२च्या कायद्याने वन्यप्राण्यांना संरक्षण दिलं ते योग्यच झालं. राधानगरीचा गवा टिकला तो अशाच संरक्षणामुळे. मी स्वतः दाजीपूरला फक्त दुर्बीण घेऊन जातो. कोलोरॅडोची वाट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बेसुमार शिकारीने एल्क जवळपास संपले होते, ते वायोमिंगमधून आणून सोडावे लागले. आज अडीच लाखांहून जास्त आहेत, आणि खात्याचा मोठा खर्च लायसन्स-टॅगच्या पैशातून भागतो. १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा करही याच कामाला जातो. टॅगवर प्राणी, युनिट, तारखा, हत्यार सगळं बांधून दिलेलं असतं. प्राणी पडला की लगेच त्यावर तारीख आणि सही करायची, आणि खाण्याजोगं मटण टाकून येणं हा गुन्हा आहे. हे आईला नीट समजावून सांगा, लपवू नका.

एक शेवटचं. तिथल्या हरणांत आणि एल्कमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे. डोकं खात्याच्या केंद्रावर तपासायला द्या, निकाल येईपर्यंत मटण फ्रीजरमध्येच ठेवा. या मटणाला चरबी जवळपास नसते, तेव्हा तांबडा रस्सा करताना तेलाचा हात थोडा सैल सोडा.

प्रश्न : आम्ही दोघं ऑक्टोबरात मुलीकडे वायोमिंगला, शायेनला जातोय. जावई शिकारीला नेतो म्हणतात. मला बंदूक धरायची नाही, नुसतं बरोबर गेलं तर टॅग लागेल का? (सेवानिवृत्त शिक्षक, शाहूपुरी)

उत्तर : नाही सर, नुसतं बरोबर चालायला टॅग लागत नाही. मात्र जावयांची रायफल वाटेत सांभाळायलासुद्धा हातात घेऊ नका, वर सांगितलेली बंदी पर्यटक व्हिसालाही लागते. भडक नारिंगी जाकीट आणि टोपी तुम्हीही घाला. शायेनच सहा हजार फुटांवर आहे आणि एल्क त्याहून बरेच वर असतात, म्हणून पोहोचल्यावर पहिले काही दिवस घराभोवतीच चाला आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांना उंचीचं सांगा.