खेळण्यातलं पिस्तूल आणि पोलिसांची मारहाण: आता पुढे काय करायचं?

प्रश्न: माझा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला आहे. गेल्या रविवारी संध्याकाळी तो आणि त्याचे दोन मित्र (त्यातला एक १९ वर्षांचा) गावाबाहेरच्या पुलावर रील करत होते. हातात जत्रेत घेतलेलं, प्लास्टिकचे छर्रे उडवणारं काळं पिस्तूल होतं. कुणीतरी ११२ला फोन केला. पोलिसांनी येऊन पिस्तूल काढून घेतलं, मग मुलांना काठीने मारलं. ठाण्यात नेऊन "खरं पिस्तूल कुठंय, ते सांग" म्हणत कानाखाली मारल्या, कोऱ्या कागदावर सही घेतली, हात जोडून माफी मागायला लावून व्हिडिओ काढला. रात्री दीडला सोडलं. तो व्हिडिओ आता गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मुलाला डाव्या कानाने कमी ऐकू येतंय. तक्रार केलीत तर आर्म्स ॲक्ट लावू, पोराला नोकरी लागणार नाही, असं आम्हाला सांगितलंय. आज सहावा दिवस. काय करावं?

उत्तर: ताई, कायद्याचं नंतर बोलू. आधी मुलाला आजच सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. कानाच्या पडद्याला पडलेलं लहान छिद्र बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. मुलासाठी ते चांगलंच, पण एकदा भरलं की ते होतं हे सिद्ध करायला काही उरत नाही. पडद्याची तपासणी आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), दोन्ही करून घ्या. केसपेपरवर 'मेडिको-लीगल', म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंधित दुखापत, अशी नोंद करायला सांगा. कसं लागलं, हे डॉक्टर विचारतील. तिथे आईबाप घाबरून "पडला" म्हणतात, आणि तो एक शब्द पुढे कोर्टात वर्षानुवर्षं आडवा येतो. मुलाने स्वतः सांगावं: अमुक तारखेला, इतक्या वाजता, पोलिसांनी काठीने आणि हाताने मारलं. डॉक्टरांनी तेच लिहिलंय ना, हे कागद हातात घेऊन वाचा.

पोटऱ्या आणि मांड्या नीट बघा. काठीचा वळ दोन समांतर रेषांचा उठतो, मधली पट्टी फिकी राहते. पडल्याने असा वळ उठत नाही. सहाव्या दिवशी रंग हिरवट-पिवळट व्हायला लागलेला असेल. दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. एक फोटो चेहऱ्यासकट पूर्ण शरीराचा हवा, म्हणजे पाय कुणाचे हा प्रश्न राहत नाही. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोत काढल्याची वेळ आणि तपशील राहत नाहीत.

आता कायदा. पिस्तूल दिसलं म्हणून पोलीस आले, मुलांना थांबवलं, ते काढून घेतलं, तपासलं, इथपर्यंत त्यांचं चुकलं नाही. दुरून खरं-खोटं कळत नाही. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात २०१४च्या नोव्हेंबरमध्ये १२ वर्षांच्या तमिर राइसला पोलिसांनी गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत गोळी घातली, आणि त्याच्याजवळ छर्ऱ्याचं खेळण्यातलं पिस्तूल होतं. फोन करणाऱ्याने "बहुधा खोटं आहे" असं सांगितलं होतं. ते कंट्रोल रूमने गाडीपर्यंत पोचवलंच नाही. म्हणून तुमच्याही प्रकरणात ११२वर नेमकं काय सांगितलं गेलं, ही नोंद मागायची.

पण पिस्तूल पोलिसांच्या हातात गेलं, त्या क्षणी बळ वापरण्याचं कारण संपलं. अटक आणि तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ अटकेला विरोध झाला तरच, आणि तो मोडण्यापुरतंच बळ वापरू देतं. कलम ४६ म्हणतं, पळून जाऊ नये एवढ्यापुरतंच बंधन घाला. शिक्षा म्हणून मारण्याची मुभा कुठल्याच कलमात नाही. तुमची सगळी तक्रार या एका क्षणावर उभी करा: पिस्तूल किती वाजता काढून घेतलं आणि पहिली काठी त्यानंतर किती वेळाने पडली. मुलाला आणि मित्रांना वेगवेगळं बसवून हा क्रम आजच लिहून काढा. ती रील डिलीट करू नका, पुन्हा टाकूही नका.

मुलगा १८च्या आतला असल्याने बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. त्याखालच्या २०१६च्या नमुना नियमांतला नियम ८ वकिलाला आवर्जून दाखवा. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे, तो सोडून इतर बाबतींत मुलावर एफआयआर न करता फक्त डायरीत नोंद करायची असते. अपवाद, प्रौढ व्यक्तीसोबत गुन्हा केल्याचा आरोप असेल तर; तुमच्या मुलासोबत १९ वर्षांचा मित्र होता, हे म्हणून लक्षात ठेवा. मुलावर बळजबरी करायची नाही, त्याच्याकडून कबुली काढायची नाही, कुठल्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही, पालकांना कळवायचं, हे सगळं त्याच नियमात आहे. कोऱ्या कागदावरच्या सहीबद्दल पोलीस अधीक्षकांना लगेच लेखी कळवा, म्हणजे उद्या त्या कागदावर काही उगवलं तर तुमचं पत्र त्याआधीचं असेल.

धमकीला फार घाबरू नका. छर्रे उडवणारं प्लास्टिकचं खेळणं बाळगल्याने आर्म्स ॲक्टखाली गुन्हा उभा करणं कठीण आहे. त्या कायद्याच्या कलम २८मध्ये मात्र नकली शस्त्राचा उल्लेख आहे: अटक टाळण्यासाठी ते वापरलं, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून मुलाला शांतपणे विचारा, त्याने पोलिसांच्या दिशेने ते रोखलं होतं का? खरं उत्तर वकिलाला सांगा. बहुधा जमावबंदीचा आदेश मोडल्याचं, म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आणि १३५ लावायचा प्रयत्न होईल. आणि नोकरीचं म्हणाल, तर बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं, की अशा कारवाईमुळे मुलाला कुठलीही अपात्रता चिकटत नाही.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीसाठी आजच अर्ज द्या. परमवीर सिंग सैनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रीकरण १८ महिने, ते जमत नसेल तर किमान वर्षभर, जपून ठेवायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात "कॅमेरा बंद होता" हे उत्तर येतं. म्हणून अर्जात तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, कुठली खोली, हे लिहा. प्रत अधीक्षकांना द्या. आवक शिक्का घ्या, नाही दिला तर स्पीड पोस्ट करून पावती जपा.

तक्रार द्यायला गेलात की ती अदखलपात्र (कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी) म्हणून एनसीत ढकलली जाते, आणि एनसीवर पुढे काही होत नाही. तुमच्या मुलाला "खरं पिस्तूल कुठंय" म्हणून मारलं. माहिती काढण्यासाठी केलेली ही दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम १२०मध्ये बसते आणि ती दखलपात्र आहे. हे वाक्य तक्रारीत जसंच्या तसं असू द्या. ठाण्यात घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)प्रमाणे अधीक्षकांना पाठवा, तरीही नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे. तिथे कलम १७५(४)मुळे आधी वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो, वेळ जातो. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि बाल हक्क संरक्षण आयोग हे मार्ग सोबत चालतात. सगळीकडे मजकूर एकच ठेवा. दोन अर्जांत घटनेच्या वेगवेगळ्या वेळा लिहिल्या की उलटतपासणीत त्यावरच बोट ठेवतात.

मुदत विसरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१खाली पोलिसांवरचा खटला किंवा दावा घटनेपासून सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. हे कलम अशा मारहाणीला लागू होतं की नाही यावर वाद घालता येतो, पण तो वाद ओढवून घेऊच नका. मानवी हक्क आयोगाची मुदत एक वर्षाची.

व्हिडिओ मला सगळ्यात जास्त खटकला. मार बरा होईल, हा व्हिडिओ कॉलेजात त्याच्या मागे राहील. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्यांदा कुठल्या खात्यावरून, कुठल्या ग्रुपवर, किती वाजता आला, त्याचे स्क्रीनशॉट काढा आणि मग तो काढून टाकण्याची लेखी मागणी अधीक्षकांकडे आणि सायबर शाखेकडे करा. नातेवाइकांना दाखवण्यासाठीसुद्धा तो पुढे पाठवू नका.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. मात्र १९ वर्षांच्या मित्रासाठी वेगळा वकील बघायला त्याच्या घरच्यांना सांगा. त्याला बाल न्याय कायद्याचं संरक्षण नाही, एफआयआर झाला तर आधी त्याच्यावर होईल, आणि पिस्तूल कुणाचं होतं या प्रश्नावर दोन्ही घरांचं हित एक राहीलच असं नाही.