भारतात डॉक्टरांच्या मदतीने इच्छामरण घेता येतं का?

नाही. इंजेक्शन किंवा औषध देऊन मरण घडवणं आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. परवानगी आहे ती उपचार थांबवण्याची, आणि तीही अटींवर.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यामुळे. १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर त्या ४१ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं अन्न थांबवावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. त्यांना घास भरवणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या केईएमच्या नर्सेसना ते मान्यच नव्हतं. मात्र त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, वाट करून दिली. २०१८ मध्ये घटनापीठाने लिव्हिंग विलला (बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेलं पत्र) मान्यता दिली. २०२३ पासून ते दोन साक्षीदारांसह नोटरीसमोरही करता येतं.

व्हेंटिलेटर काढणं चालतं आणि इंजेक्शन नाही, हा फरक यातना भोगणाऱ्याला कसा पटावा? तरीही घाईने कायदा करू नये असंच मला वाटतं. तालुक्याच्या गावी कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळताना मारामार, आणि ‘पोरांवर भार नको’ म्हणून मरण मागणारी म्हातारी माणसं घरोघरी आहेत. आधी वेदना कमी करण्याची सोय हवी.

लिव्हिंग विल मात्र धडधाकट असतानाच करा, आणि घरच्यांना ते कुठे ठेवलंय ते सांगून ठेवा.